पहिल्या पानावरचा निळा डाग

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि गावभागातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर ते पाच दिवस मुक्कामाला होते. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हे आकडे आम्हा नदीकाठच्या माणसांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २००५ च्या पुरात पाणी आमच्या दुसऱ्या पायरीशी येऊन थांबले होते, त्यामुळे याही वेळी फार तर तिथवरच येईल असा हिशेब करून, पुस्तकांची कपाटे जागच्या जागी ठेवून, दोन बॅगा आणि गॅसचे पुस्तक घेऊन मी विश्रामबागला बहिणीकडे गेले. हिशेब माझाच होता आणि तो जवळजवळ चार फुटांनी चुकला. परत आले तेव्हा कपाटाचे खालचे तीन कप्पे गाळाने भरलेले होते आणि त्या तीन कप्प्यांत आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, इंग्रजी आणि मराठी पुस्तके होती.

आप्पांनी आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवले. पगार बेताचा, त्यामुळे नवे पुस्तक क्वचित. पुण्याला काही कामाने गेले की पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून चार-दोन उचलून आणायचे. घरी आल्यावर त्यांचा एक विधी असे. पाय धुऊन, पाटावर बसून, पेनचे टोपण काढून पहिल्या कोऱ्या पानावर ते आपले पूर्ण नाव, खाली ‘सांगली’ आणि खाली तारीख असे तीन ओळींत लिहीत, आणि शाई टिपकागदाने न टिपता फुंकर घालून वाळवीत. शाई रॉयल ब्लू. आत मात्र पेन कधी फिरायचे नाही. समासात जे काही लिहायचे ते पेन्सिलीने. पुस्तक आपल्या पैशाचे असले तरी पान लेखकाचे असते आणि तिथे आपण पाहुणे असतो, पाहुण्याने पुसता येईल अशाच अक्षरात बोलावे, असे त्यांचे म्हणणे होते.

भिजलेली पुस्तके वाळवताना कागदाची जात कळते. गुळगुळीत, चकचकीत कागदावरची, मोठ्या हौसेने घेतलेली चित्रांची पुस्तके सर्वांत आधी गेली, कारण त्या कागदावरचा पांढऱ्या मातीचा लेप ओला झाला की पानाला पान डिंकासारखे चिकटते आणि मग हातात उरते ती वीट. स्वस्त, खरबरीत, पिवळट कागदावरच्या विद्यार्थी-आवृत्त्या मात्र फुगल्या, वाकड्या झाल्या, पण सुटल्या. ऑगस्टमधले ऊन ते काय असणार? आम्ही बहिणीच्या गच्चीवर कुरडयांची ताडपत्री पसरली, घरात दोऱ्या बांधल्या, पानापानांत रद्दी घातली आणि पंख्याखाली महिनाभर हे वाळवण केले. बहिणीचे यजमान रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन पाहणी करीत आणि ‘आज डिकन्स उलटायचा का?’ असे अगदी गंभीरपणे विचारीत.

त्या उलथापालथीत एक गोष्ट लक्षात आली. छापील अक्षराला काहीही झाले नव्हते. काजळी आणि तेलाची ती शाई पाण्याला दाद देत नाही. पेन्सिलीचेही काही बिघडले नव्हते. ग्रॅफाइटचे कण कागदाच्या धाग्यांत जसेच्या तसे बसून होते. गेले होते ते फक्त पहिल्या पानावरचे नाव. पेनची शाई म्हणजे शेवटी रंगीत पाणीच, ते मोठ्या पाण्याला जाऊन मिळाले. पुस्तकामागून पुस्तक उघडावे आणि आप्पांच्या नावाच्या जागी फिकट निळा डाग दिसावा, कुठे ढगासारखा, कुठे नकाशासारखा. जे कायमचे म्हणून लिहिले होते ते पुसले गेले आणि जे पुसण्याच्या सोयीसाठी पेन्सिलीने लिहिले होते ते राहिले.

त्यात कीट्सच्या कवितांचे एक लाल बांधणीचे पुस्तक होते. कीट्सने वैद्यकीचे शिक्षण घेतलेले होते, त्यामुळे १८२० च्या फेब्रुवारीत खोकल्यातून रक्त पडले तेव्हा त्या रक्ताचा रंग पाहून त्याने आपल्या दुखण्याचे निदान स्वतःच केले. वर्षभराने, २३ फेब्रुवारी १८२१ रोजी, तो रोममध्ये वारला. वय अवघे २५. आपल्या दगडावर नाव नको, ज्याचे नाव पाण्यावर लिहिले होते तो इथे आहे एवढेच लिहा, असे त्याने सांगून ठेवले होते. मित्रांना एवढ्यावर राहवले नाही. त्यांनी वर त्याच्या शत्रूंच्या दुष्टपणाचा मजकूर जोडला, आणि मृत्यूनंतर मित्र असेच काहीतरी करतात. पण नाव घातले नाही. अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा करणारा चित्रकार मित्र सेव्हर्न १८७९ मध्ये वारला. पुढे त्याला कीट्सच्या शेजारीच जागा मिळाली, आणि हा कीट्सचा मित्र असे त्याच्या दगडावर कोरले गेले. म्हणजे कीट्सचे नाव वाचायचे तर शेजारच्या दगडावर वाचायचे.

हा मजकूर प्रस्तावनेत आहे आणि त्याच्या समासात आप्पांनी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला आहे : ‘इंद्रायणी?’

प्रश्नचिन्ह त्यांचेच. ते नास्तिक नव्हते, पण चमत्काराला सहजासहजी मान डोलावणारेही नव्हते. तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्याच्याच जोडीने असेही सांगितले जाते की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते, संताजी जगनाड्यांसारख्यांनी ते लिहून ठेवले होते. माझ्या घरात जे पाण्याने केले ते पाहिल्यावर मला ही दुसरी हकीकत पहिलीपेक्षा कमी अद्भुत वाटत नाही. पाण्याने परत करावे यापेक्षा कुणा तेल्याने दिवसभराचा घाणा थांबवून रात्री लिहीत बसावे, हे मला अधिक अवघड वाटते.

शेक्सपिअरचे तरी वेगळे काय झाले? त्याचे मृत्युपत्र आजही पाहायला मिळते. त्यात बायकोला दिलेला दुय्यम प्रतीचा पलंग आहे, ज्यावर अभ्यासकांनी पलंगाच्या वजनाहून अधिक कागद खर्ची घातला असेल. नाटक कंपनीतल्या तीन सोबत्यांना अंगठ्यांसाठी ठेवलेले पैसे आहेत. पण पुस्तकांचा आणि नाटकांच्या हस्तलिखितांचा उल्लेख नाही. १६१६ मध्ये तो गेला. त्या तिघांपैकी हेमिंग्ज आणि कॉन्डेल या दोघांनी सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याची ३६ नाटके एका जाड ग्रंथात छापली. त्यातली १८ तोवर कधीच छापली गेली नव्हती. ‘मॅकबेथ’ त्यात होते, ‘ज्युलियस सीझर’ त्यात होते. दोन नटांनी ही खटपट केली नसती तर आप्पांना नववीच्या वर्गात हातवारे करून अँटनीचे भाषण म्हणून दाखवता आले नसते आणि मागच्या बाकावरची पोरे महिनाभर एकमेकांना ‘ब्रूटस’ म्हणत फिरली नसती. स्ट्रॅटफर्डमधल्या त्याच्या राहत्या घराचे काय झाले, तर पुढच्या एका मालकाने आधी, पाहायला येणाऱ्यांचा त्रास होतो म्हणून, अंगणातले तुतीचे झाड तोडले आणि १७५९ मध्ये घरच पाडून टाकले. त्या तुतीच्या लाकडाच्या डब्या आणि पेट्या पुढे इतक्या विकल्या गेल्या की एका झाडातून तेवढे लाकूड निघणे शक्य नव्हते म्हणतात. आपल्याकडच्या पादुकांचा अनुभव असलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये.

तो शेक्सपिअर आमच्या नदीकाठी कसा आला, याचा माग काढायला मला गावाबाहेर फारसे जावे लागत नाही. कृष्णा सांगलीला येते ती कऱ्हाडवरून, आणि कऱ्हाडजवळ टेंभू आहे. आज टेंभू म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर पंप, पाइप आणि आवर्तनाची तारीख येते, कारण तिथून उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढवत खानापूर, आटपाडीच्या माळावर नेले आहे. याच टेंभूत १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकर जन्मले. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बदनामी प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या मुक्कामात आगरकरांनी हात घातला तो ‘हॅम्लेट’ला, आणि १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने छापून आले. पुढे ते रंगभूमीवर गाजवले ते गणपतराव जोशींच्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने, आणि शाहूनगर म्हणजे आपले सातारा. डेन्मार्कच्या राजपुत्राचा हा प्रवास कृष्णाकाठच्या माणसांनीच घडवून आणला, असे म्हणताना मला थोडा प्रादेशिक अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

आगरकर ३८ वर्षांचे आयुष्य घेऊन आले होते. जिवंतपणी त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा पुण्यात काढण्यात आली. टेंभूच्या पाण्याने ज्यांचे डाळिंब वाचले त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल याची मला कल्पना नाही, आणि तसे ठाऊक असलेच पाहिजे असा माझा हट्टही नाही. पण ते पाणी जिथे पोचते त्या आटपाडी तालुक्यातच व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळ आहे. ‘बनगरवाडी’ १९५५ ची. दुष्काळाने अख्खी वाडी उठून जाते तो तिचा शेवट ज्यांनी वाचला आहे, त्यांना त्या माळावर कालव्याचे पाणी पाहताना काय वाटत असेल ते सांगायला नको. मी एकदा तिथे गाडी थांबवून उतरले होते. चालकाला वाटले, मला गाडी लागली.

आमच्या घरापासून हरिपूर चालत जाण्याजोगे. चिंचेच्या झाडांच्या रस्त्याने गेले की संगमेश्वर, आणि त्याच्या पायथ्याशी कृष्णेला वारणा मिळते. गोविंद बल्लाळ देवल इथले, जन्म १८५५ चा. ‘शारदा’ आले १८९९ मध्ये, आणि नदीकाठच्या एका पाराकडे बोट दाखवून, इथेच बसून देवलांनी ते लिहिले असे गावातले लोक सांगतात. मला मात्र देवलांचा दुसरा उद्योग अधिक भुरळ घालतो. ‘ऑथेल्लो’ला त्यांनी ‘झुंझारराव’ केले. मोलिएर या फ्रेंच नाटककाराचे १६६० चे एक संशयाचे प्रहसन पॅरिसहून लंडनला गेले, तिथे मर्फी नावाच्या नाटककाराने १७६१ मध्ये त्याला इंग्रजी कपडे चढवले आणि ते इंग्रजी कपडे देवलांनी उतरवून १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ उभा केला, जो पुढे गाण्यांसह ‘संशयकल्लोळ’ झाला आणि १९१६ मध्ये, देवल गेले त्याच वर्षी, रंगभूमीवर आला. नाटक पाहून हसणाऱ्या किती जणांना मोलिएर आठवतो? आठवू नये अशीच तर ती करामत आहे. फाल्गुनरावाचा संशय इतका आपल्या आळीतला वाटतो की त्याचे मूळ गाव विचारणे हाच उद्धटपणा व्हावा. मोलिएरच्या नावाचा इथे निळा डागसुद्धा उरलेला नाही, आणि तो मात्र अजून हसवतो आहे.

वारणेच्या बाजूने येणारी गोष्ट निराळी आहे, आणि ती मला १८ जुलैला हटकून आठवते. १८ जुलै १८१७ रोजी विंचेस्टरला जेन ऑस्टिन वारली, ४१ व्या वर्षी. १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत अण्णा भाऊ साठे गेले, पन्नाशीही न गाठता. दोघांना एका वाक्यात बसवणे कुणाला विचित्र वाटेल. एक पाद्र्याची मुलगी, जिच्याबद्दल असे सांगतात की दार करकरले की ती लिहिता कागद लपवीत असे, आणि म्हणून ते दार दुरुस्त करू देत नसे. दुसरे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या मांग वस्तीत १९२० मध्ये जन्मलेले तुकाराम भाऊराव साठे, ज्यांची शाळा दीड दिवसात संपली. पण दोघांच्या नावांचे काय झाले ते पाहावे. १८११ मध्ये ऑस्टिनची पहिली कादंबरी आली तेव्हा लेखकाच्या जागी ‘एका बाईने लिहिलेली’ एवढेच होते. विंचेस्टरच्या चर्चमधल्या तिच्या दगडावर तिच्या स्वभावाची, बुद्धीची, श्रद्धेची स्तुती आहे. कादंबऱ्यांचा शब्दही नाही. आणि अण्णा भाऊंचे नाव आज चौकाचौकांत आहे, पुतळ्यांवर आहे, मिरवणुकांच्या फलकांवर आहे. त्यांची पुस्तके मात्र त्या मानाने कमी हातांत दिसतात. एकीचे लेखन राहिले आणि नाव मागाहून आले. दुसऱ्याचे नाव इतके मोठे झाले की लेखन त्याच्या सावलीत गेले. यांतले अधिक वाईट काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

अण्णा भाऊंच्या शेजारी खरे तर डिकन्सला बसवायला हवे. बाप कर्जापायी मार्शल्सीच्या तुरुंगात गेला, आणि १२ वर्षांचा चार्ल्स टेम्स नदीकाठच्या उंदरांनी भरलेल्या कारखान्यात बुटाच्या पॉलिशच्या डब्यांना कागद बांधून लेबले चिकटवू लागला. हे त्याने आपल्या मुलांनाही कधी सांगितले नाही. फक्त फॉर्स्टर या मित्राला सांगितले, आणि त्याच्या मृत्यूनंतर फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ते जगाला कळले. वाटेगावहून आईबापांबरोबर पायी मुंबई गाठलेल्या, कोळशापासून गिरणीपर्यंत मिळेल ते काम केलेल्या आणि घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहिणाऱ्या माणसाला असली लपवालपवी परवडणारी नव्हती आणि त्याची त्याला गरजही वाटली नाही. डिकन्सने आपली लाज कादंबरीतल्या पोरांना वाटून दिली. अण्णा भाऊंनी लाज ही आपली नसून दुसऱ्या कुणाची आहे हे दाखवायला ‘फकिरा’ लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. साधे, गाजावाजा नसलेले दफन हवे असे लिहून ठेवलेल्या डिकन्सला लोकांनी वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरले. अण्णा भाऊंची अखेर मात्र गोरेगावात, हालात झाली.

आप्पांच्या कपाटात ‘फकिरा’ होती, डिकन्सच्या खालच्याच कप्प्यात. १९५९ सालच्या त्या कादंबरीच्या एका पानावर त्यांची पेन्सिल आहे : ‘हे वर्गात वाचून दाखवावे. धीर होत नाही.’ माझ्या वडिलांबद्दल मी आदराने बरेच बोलते, त्यात हेही सांगितले पाहिजे. आमच्या आळीत, त्या काळात, ब्राह्मण मास्तरला कशाचा धीर होत नव्हता ते मला कळते. पण त्यांच्या समोर बसलेल्या मुलांत वाटेगावसारख्या गावांहून आलेली मुले होती आणि त्यांनी वर्षानुवर्षे अँटनीचे भाषण ऐकले.

नावांचा विषय निघालाच आहे तर खांडेकरांचे सांगून टाकते. ते सांगलीतच १८९८ मध्ये जन्मले, तेव्हा त्यांचे नाव होते गणेश आत्माराम. दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. १९७४ सालचे ज्ञानपीठ ‘ययाति’साठी मिळाले ते त्या दुसऱ्या नावाला. मिरजेला १९७६ मध्ये ते गेले. आमच्या घरची ‘ययाति’ पुरात पूर्ण गेली, तिची काही हकीकत सांगण्यासारखी नाही.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या पुढे गेले. या वेळी मी हिशेब केला नाही. पाणी ४० फुटांवर पोचल्याचा निरोप येताच भाचीला बोलावून घेतले आणि आम्ही दोघी जिन्यावर उभ्या राहून पुस्तके माळ्यावर चढवू लागलो. मी आधी फुगलेली, वाकडी झालेली, न मिटणारी पुस्तके देत होते. नव्याने घेतलेल्या स्वच्छ प्रती खालीच होत्या. ती म्हणाली, ‘मावशी, ही तर खराब झालेली आहेत, चांगली आधी दे ना.’ मी म्हटले, ‘तू घे.’ लाल बांधणीचे पुस्तक हातात आल्यावर तिने ते उघडले, निळा डाग पाहिला, पाने चाळली आणि कुठेतरी थांबून म्हणाली, ‘हे आप्पाआजोबांचं आहे.’

आप्पा गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. कसे ओळखलेस म्हणून विचारले, तर तिने समासातला तो एक शब्द माझ्यापुढे धरला. त्यातला ‘ण’ आप्पा नेहमी जरा झोकात काढायचे. माझ्या बहिणीचाही तसाच येतो, आणि दहावीत अक्षरासाठी या मुलीने मार खाल्ला तो ‘ण’ही तोच होता. ‘आणि प्रश्नचिन्ह कशाला?’ तिने विचारले. एवढ्यात फोन वाजला, पाणी ४३ फुटांवर गेले होते आणि अजून दोन कप्पे रिकामे व्हायचे होते.